चष्म्यातला वारा

तो चष्मा घरी आला तेव्हा मला वाटलं, मुलीला नंबर लागला. शनिवारी संध्याकाळी ती मानसरोवरहून नेहमीसारखी दुर्गापुऱ्याला माझ्याकडे आली, पिशवी खुर्चीत टाकली आणि जाड काळ्या काड्यांचा चष्मा चढवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी विचारलं, डोळे कधी तपासलेस? ती हसली आणि म्हणाली, हा नंबरचा नाही, उडतानाचा आहे.

मग तिने तो माझ्या डोळ्यांवर ठेवला, माझ्या चष्म्यावरूनच, कारण त्याच्याशिवाय मला समोरची शेगडीही धड दिसत नाही. आधी काहीच वेगळं वाटलं नाही. थोड्या वेळाने उजव्या बाजूला, काचेच्या पलीकडे हवेतच, हिरवे आकडे उमटले. उंची. वेग. त्यांच्याखाली वारा कुठून येतो ते दाखवणारा छोटा बाण. मी मान वळवेन तिकडे ते माझ्याबरोबर येत होते. फडताळावर, खिडकीबाहेरच्या शेवग्यावर, आणि बाहेरच्या खोलीत ह्यांच्या फोटोवर. फोटोला चंदनाचा हार आणि त्याच्या शेजारी हिरव्या आकड्यांत उंची शून्य, वेग शून्य. मी चष्मा काढून तिच्या हातात दिला. डोळे दुखतात, मी म्हणाले.

माझी मुलगी उडते. हे वाक्य लिहायला मला अजूनही अवघड जातं. एका कंपनीत संगणकाचं काम करते, आठवडाभर खुर्चीत बसते आणि रविवारी झोटवाड्याच्या पुढे, जिथे कारखान्यांच्या शेडी विरळ होऊन शेतं सुरू होतात, तिथल्या एका मोकळ्या रानातून पॅरामोटर घेऊन वर जाते. पाठीवर इंजिन, त्याला जोडलेला मोठा पंखा, भोवती जाळीची चौकट, आणि डोक्यावर बारीक दोऱ्यांनी बांधलेलं लांबलचक रंगीत कापड. कापड वाऱ्यावर उभं राहिलं की ती पळत सुटते आणि पळता पळता तिचे पाय जमिनीवरून सुटतात. तो क्षण मी कधीच नीट पाहिलेला नाही. तिने फोनवर दाखवलं तरी त्या वेळी माझी नजर आपोआप खाली जाते.

तिचे वडील मात्र पाहायचे. ते रेल्वेत इंजिन चालवायचे. आम्ही मूळचे भुसावळकडचे, नोकरीमुळे इकडे हिंदी मुलखात आलो आणि मग इथेच राहिलो. त्यांच्या पदाला आता लोको पायलट म्हणतात, पण ते स्वतःला ड्रायव्हरच म्हणत. मुलगी उडायला लागल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या घरात दोन पायलट आहेत, एक रुळावरचा आणि एक रुळावरून घसरलेला. मुलगी चिडायची. मग तेच तिच्यासाठी थर्मासमध्ये चहा भरायला उठायचे.

इंजिनात दोघं असतात, एक चालवणारा आणि एक त्याचा सहायक. पुढचा सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने स्वतः पाहून तो परत म्हणायचा. हिरवा. हिरवा. पिवळा. पिवळा. रात्र असो, धुकं असो, शेजारच्याशी भांडण झालेलं असो, हे चुकवायचं नाही. नोकरीची सगळी वर्षं ते हेच करत आले आणि नकळत ते आमच्या घरात शिरलं. स्कूटरवर मी मागे बसायची आणि मुलगी पुढे उभी असायची. चौक आला की हे म्हणायचे, "सिग्नल लाल," आणि आम्ही दोघींनी म्हणायचं, "लाल." शेजारचे स्कूटरवाले वळून बघायचे. मला लाज वाटायची, मुलीला मजा.

एकदा उन्हाळ्यातल्या दुपारी आम्ही टोंक रोडने घरी येत होतो. मुलगी पेंगत होती. समोर लाल दिवा होता आणि हे मुद्दाम म्हणाले, "सिग्नल हिरवा." मुलीने झोपेतच म्हटलं, "हिरवा." ह्यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, तिला खाली उतरवलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "तू पाहिलंस का?" तिने मान हलवली, नाही. "मग का म्हणालीस?" ती डोळे चोळत राहिली. तेव्हा ते म्हणाले, "मी म्हणतो म्हणून म्हणायचं नाही, बेटा. दिसलं तरच म्हणायचं. नाही दिसलं तर गप्प बसायचं. तू गप्प बसलीस की मला कळेल." मग पुन्हा स्कूटर सुरू केली. ती शाळेत नुकतीच जाऊ लागली होती, पण त्यानंतर मी तिला कधी न पाहता रंग सांगताना ऐकलं नाही.

निवृत्त झाल्यावर हे दर रविवारी तिच्याबरोबर रानात जाऊ लागले. मी घरी राहायची. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेल्यामुळे असेल, भीती वाटली की मी पुस्तक उघडते. तिथे काय चालतं ते मला ह्यांच्याकडूनच कळायचं. ती मनगटावरच्या यंत्रात बघून वॉकीटॉकीवर उंची सांगायची, वारा सांगायची, आणि हे खालून परत म्हणायचे. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला खालून उंचीचा आकडा कसा दिसतो? म्हणाले, "आकडा नाही दिसत. ती सांगते तेवढी ती लहान दिसते का, ते दिसतं."

गेल्या श्रावणात ते गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मुलगी उडायची थांबली. तिचं ते इंजिन तिच्या घराच्या बाल्कनीत चादरीखाली पडून होतं. मी त्याविषयी काही विचारलं नाही. आम्ही दोघी एकमेकींना जपत होतो, पण खरं सांगायचं तर त्या दुःखात मला एवढा एक आधार होता की निदान ती तरी आता जमिनीवर आहे. थंडी संपत आली तसा हा चष्मा आला.

मी तिला जेवताना विचारलं, मनगटावरचं यंत्र चांगलं होतं की, मग हे कशाला? तिने सगळं समजावून सांगितलं. उतरताना मनगटाकडे बघायला मान खाली घालावी लागते, तेवढ्यात जमीन वर येते. चष्म्यात नजर समोरच राहते आणि आकडेही दिसतात. सगळं पटण्यासारखं होतं. मग पोळीचा तुकडा मोडत ती म्हणाली, "आणि खाली आता कुणी नाही ना. मतलब, एकटीनेच सगळं बघायचं, तर मग डोळ्यासमोरच असलेलं बरं."

तिचं चुकलं नव्हतं. ह्यांची जागा भरायला तिने काहीतरी शोधलं होतं आणि ते नाकावर बसत होतं.

पुढचा आठवडा वाईट गेला. तिने चष्म्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका माझ्याकडे राहू दिली होती. मी ती दोनदा वाचली. त्यात भिण्यासारखं काही लिहिलेलं नव्हतं आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी वर बघायची. आमच्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमानं जातात, इतकी वर्षं जात आहेत, पण आता प्रत्येक आवाजाने माझा हात दोरीवरच थांबायचा. शनिवारी ती आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं, उद्या मी येणार. ती म्हणाली, तुला बघवणार नाही. मी म्हटलं, घरी बसून जे दिसतं ते त्याहून वाईट असतं.

रविवारी दुपार कलल्यावर आम्ही निघालो. झोटवाड्यात बाजाराची गर्दी होती. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मीही काही म्हटलं नाही.

रान पूर्वपश्चिम लांब होतं. मोहरी काढून झाली होती, कापलेल्या खोडांचे खुंट होते, आणि कडेला दोन झोपड्या. तिला शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि ह्यांची आठवण काढली. "ड्राइवर साहब हमारे रेडियो अफसर थे," म्हणाले. "अब आप आ गईं आंटीजी, तो ड्यूटी आपकी." ते चेष्टेत म्हणाले, पण मुलीने खरोखरच वॉकीटॉकी माझ्या हातात दिला. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. "तुला काही बोलावं लागणार नाही," ती म्हणाली. "नुसतं धर. मला तेवढंच बरं वाटेल."

तिने हेल्मेट घातलं, चष्मा नीट बसवला, डोळ्यांच्या कोपऱ्यातून काहीतरी वाचल्यासारखी क्षणभर स्थिर उभी राहिली. वारा पश्चिमेचा होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते आणि शालीचं टोक सारखं पुढे येऊन माझ्या तोंडावर पडत होतं. इंजिनाचा आवाज झाला. मी शाल बाजूला करीपर्यंत ती वर गेलेली होती.

थोड्या वेळाने हातातल्या यंत्रातून तिचा आवाज आला, वाऱ्याने फाटलेला, पण तिचाच. "उंची शंभर."

ती सवयीने बोलली होती हे मला कळलं, कारण त्यानंतर ती एकदम थांबली. ते थांबणं मला सहन झालं नाही. मी बटण दाबलं. "शंभर." 

काही क्षण नुसती खरखर ऐकू आली. मग ती म्हणाली, "उंची दीडशे." "दीडशे." "वेग चाळीस." "चाळीस." असं सुरू झालं. माझा आवाज कापत होता आणि तिचा हळूहळू मोकळा होत होता. मी वर बघतही नव्हते. चष्मा तिला सांगत होता, ती मला सांगत होती आणि मी तेच तिला परत देत होते. हे असते तर त्यांनी स्कूटर कडेला घेतली असती. पण तेव्हा मला एवढंच वाटत होतं की माझा आवाज थांबला तर ती पडेल.

ती दूर गेली, ठिपक्याएवढी झाली, शेतांवरून एक मोठा वळसा घेऊन परत फिरली. ऊन उतरलं. कॅप्टनसाहेब पश्चिमेच्या टोकाला दुसऱ्या एका शिकाऊ उडणाऱ्याच्या इंजिनावर वाकले होते. ते सुरू होत होतं, बंद पडत होतं, त्या आवाजात त्यांना दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांच्या बाजूला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी होती. मघाशी ती फुगलेली होती, आता लोळागोळा होऊन लटकत होती.

मुलगी पूर्वेकडून उतरायला येत होती, तोंड पश्चिमेला, सूर्य तिच्या समोर. उतरताना तोंड वाऱ्याकडे हवं, एवढं मला ह्यांच्याकडून माहीत होतं. वारा समोरून असला की वेग मरतो, दोन पावलांत थांबता येतं. मागून असला तर तो ढकलत नेतो, आणि पाठीवर इंजिन असलेला माणूस तोंडावर पडतो. मी उठून तिच्याकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं. गेल्या काही महिन्यांत हे कुठेही, कधीही होतं, भाजीवाल्याकडे, बँकेत, त्यामुळे मी चष्मा वर करून पदराने डोळे पुसले आणि बघत राहिले. पुन्हा भरले. पुन्हा पुसले.

"उंची साठ," ती म्हणाली.

"साठ."

"वारा पश्चिम."

हे सांगून झालं, मी ते परत म्हटलं, की ती इंजिन बंद करणार होती. उतरण्याआधी इंजिन बंद करतात. निघताना तिने मला तो क्रम सांगितला होता. एकदा बंद केलं की मग पुन्हा वर जाता येत नाही, जिथे पोचाल तिथे उतरायचं. मी बटणावर अंगठा ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गाल गार पडले होते. दोन्ही गाल, समोरून. शाल मघासारखी तोंडावर येत नव्हती. ती खांद्यांवरून मागे गेली होती आणि पाठीमागे फडफडत होती.

मी रडत नव्हते. वारा माझ्या डोळ्यांत येत होता.

मी झोपड्यांकडे पाहिलं. चूल पेटली होती आणि धूर जमिनीलगत आडवा होऊन सूर्याकडे चालला होता. म्हणजे वारा पूर्वेचा होता, तिच्या पाठीमागून.

तिला ओरडून सांगायला हवं होतं. पण तोंडातून शब्द निघेना. पूर्व म्हणू की पश्चिम, वारा येतो ती दिशा सांगायची की जातो ती, काचेवर दिसतंय ते खोटं कसं असेल, मी कोण सांगणारी, हे सगळं एकदम डोक्यात आलं. एवढंच स्पष्ट होतं की पश्चिम हा शब्द मला म्हणता येत नव्हता. मी बटणावरून अंगठा काढला.

"वारा पश्चिम," ती पुन्हा म्हणाली. "आई?"

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याएवढं जड काही मी आयुष्यात हातात धरलेलं नाही. ती आता इतकी खाली आली होती की तिचे बूट दिसत होते. आणि ती वेगाने येत होती, फार वेगाने, जमीन तिच्याखालून सरकत होती.

मग इंजिनाचा आवाज बंद होण्याऐवजी वाढला. कापड वर ओढलं गेलं, तिचे पाय लोंबकळले, आणि ती माझ्या डोक्यावरून, सूर्याच्या दिशेने वर निघून गेली. खुर्ची कुठे होती ते सापडलं नाही, मी खुंटांतच बसले.

वरून आवाज आला. घाबरलेला नव्हता. लहानपणी ती चौकात रंग सांगायची तसा होता. "आई, तुला काय दिसतंय?"

आता शब्द आले. "धूर पश्चिमेकडे जातोय. वारा पूर्वेचा."

"पूर्वेचा," ती म्हणाली.

ती वळून पश्चिमेकडून आली, तोंड पूर्वेला, ऊन पाठीवर घेऊन. इंजिन बंद झालं. ते बंद झाल्यावरची शांतता फार लांब वाटली, पण या वेळी मी नजर खाली केली नाही. ती अलगद टेकली, चार पावलं चालली, कापड तिच्यामागे हळूच पडलं.

कॅप्टनसाहेब धावत आले. त्यांनी आता उलट्या बाजूला फुगू लागलेल्या पिशवीकडे पाहिलं, जमिनीवरची माती चिमटीत घेऊन पुन्हा पुन्हा सोडली आणि ती कुठे जाते ते बघत राहिले. हवा कधी पलटली ते आपल्या लक्षातच आलं नाही, म्हणाले, आणि हे त्यांनी दोनतीनदा सांगितलं. मी चष्म्याकडे बघत होते हे त्यांनी ओळखलं असावं. "चश्मा झूठ नहीं बोल रहा था, आंटीजी," ते म्हणाले. "वो ऊपर की हवा बता रहा था. ऊपर अभी भी वही है." मुलीनेही तेच सांगितलं. तो बाण ती जिथून उडत आली होती तिथला वारा मोजत होता आणि समोरच्या उन्हात तिला ना पिशवी दिसत होती ना धूर. दिसत होते ते फक्त हिरवे आकडे.

आम्ही दोघींनी मिळून कापडाची घडी घातली. ते अंगणात चादरी घडी करण्यासारखंच असतं, टोकाला टोक लावत एकमेकींकडे यायचं. जवळ आल्यावर तिने विचारलं, "तू विसरलीस की मुद्दाम गप्प बसलीस?"

"मला दिसलं नाही," मी म्हटलं.

"काय?"

"पश्चिमेचा वारा."

तिने घडी माझ्या हातातून घेतली आणि तोंड फिरवलं. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडते आहे. ह्यांच्या जाण्यानंतर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. थर्मासमधला चहा ओतला आणि ती वळेपर्यंत धरून उभी राहिले.

परतताना गाडी तीच चालवत होती. दुर्गापुऱ्याचा पूल आला तेव्हा म्हणाली, "चष्मा काढणार नाही मी, आई. तो लागतोच."

मी म्हटलं, काढू नकोस.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली आणि थांबली. रस्त्याकडे बघत होती, पण मी ते परत म्हणेन म्हणून थांबली होती, हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं नाही. पुढचा रविवार मी पाहिलेला नव्हता. तिलाही ते कळलं, कारण ती किंचित हसली आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

भीती गेलेली नाही. आताही गच्चीवर विमानाचा आवाज आला की माझा हात दोरीवर थांबतो. त्या आठवड्यात मी एकही पान नीट वाचू शकले नाही. शनिवारी माझ्याकडेच राहिलेला वॉकीटॉकी फोटोखालच्या प्लगला चार्जिंगला लावून ठेवला. त्याचा बारीक लाल दिवा हाराच्या खाली लुकलुकत होता. सकाळी उठून पाहिलं तर तो हिरवा झाला होता. मुलगी रात्रीच मानसरोवरला परतली होती, घरात कुणी नव्हतं. तरी मी म्हटलं, "हिरवा," आणि चहा ठेवायला गेले.